एका लॅपटॉपवर तीन-तीन गिट: कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं, कोणाला हातच लावायचा नाही

टर्मिनलमधी गिटचं, म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या प्रोग्रामचं, व्हर्जन बघितलं की एक नंबर येतो, व्हीएस कोडच्या आत बघितलं तर दुसराच, आणि अँड्रॉइड स्टुडिओ म्हणायलंय की गिट सापडतच नाही. असं दिसलं की आपल्याकडची पोरं काय करतात, कंट्रोल पॅनेल उघडतात, गिट नावाचं जे दिसेल ते उडवतात, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर परत नवीन उतरवतात आणि अर्ध्या तासानं घोळ होता तिथंच. कारण ज्याला उडवलं ते नीट चालणारं होतं आणि त्रास देणारं दुसरीकडंच कुठंतरी लपून बसलेलं.

शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट चालू झाले की संभाजीनगर म्हणा, नांदेड म्हणा, लातूर म्हणा, सगळीकडून एकच मेसेज येतो, "दादा, पुश होईना," म्हणजे लिहिलेला कोड ऑनलाईन चढेना. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवायलोय. कमांड इथं देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना त्या इंग्रजी अक्षरातच टाका, डॅश आणि डॉट आहेत तसेच.

एवढे गिट येतात कुठून

गिट हा मुळात कमांडवर चालणारा प्रोग्राम. 2005 ला लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिला, त्यात बटणं बिटणं काही नव्हती. आता बटणंवाले जे प्रोग्राम आहेत ते बहुतेक मागून ह्याच गिटला कामाला लावतात, आणि युजरच्या मशीनवर गिट असेल का नसेल ह्याचा भरवसा नाही म्हणून त्यातले बरेचजण स्वतःची एक कॉपी सोबत घेऊनच येतात. गिटहब डेस्कटॉपची (कोड ऑनलाईन ठेवायच्या गिटहब वेबसाईटच्या प्रोग्रामची) कॉपी ॲपडेटाच्या (युजरच्या लपलेल्या फोल्डरच्या) आत खोल पडलेली असते. मोठं व्हिज्युअल स्टुडिओ, म्हणजे जांभळं, व्हीएस कोड नाही, त्याच्यासोबत पण एक येते. सोर्सट्री स्वतःची कॉपी उतरवू शकतं. मशीन लर्निंगच्या नादानं ॲनाकोंडा टाकलं असेल तर त्याच्या एन्व्हायर्नमेंटमधी एक असू शकते. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून उबुंटू घेतलं असेल तर तिथलं गिट वेगळं. आणि तुम्ही स्वतः वेबसाईटवरून उतरवलेलं गिट फॉर विंडोज आहेच. व्हीएस कोड मात्र स्वतःचं गिट आणत नाही, मशीनवर जे सापडेल ते वापरतं, आणि म्हणूनच त्याच्यात घोळ लवकर दिसतो.

म्हणजे तुम्ही काही चुकीचं केलं म्हणून तीन गिट झालेत असं नाही. असू द्या. कोणतं गिट कुठं चालायलंय एवढं माहिती असलं की निम्मा त्रास गेला.

हाक मारली की ओ कोण देतंय

गल्लीत उभं राहून "बबन्या" म्हणून हाक मारली आणि गल्लीत चार बबन्या असले, तर ज्याचं घर पहिलं तो ओ देतो. पाथ म्हणजे ती गल्ली. कॉम्प्युटर पाथमधले फोल्डर एकामागं एक बघत जातो, पहिलं गिट सापडलं की तेच चालवतो, पुढच्याला विचारत पण नाही. तर आधी सगळ्यांची यादी काढा. विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमधी:

व्हेअर गिट

जेवढ्या ओळी येतील तेवढे गिट पाथमधी आहेत आणि सगळ्यात वरचं चालतंय. पॉवरशेलमधी हीच कमांड दिली तर काहीच छापून येत नाही आणि लोकं समजतात गिटच नाही. पॉवरशेलमधी व्हेअर ह्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, तिथं शेवटी डॉट ईएक्सई लावायचं:

व्हेअर.ईएक्सई गिट

लिनक्स, मॅक आणि गिट बॅशमधी:

टाईप -ए गिट

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते. गिट बॅश उघडलं की ते स्वतःचे फोल्डर पाथमधी पुढं घुसवतं, म्हणजे गिट बॅशमधी त्याचं स्वतःचंच गिट दिसणार, मग बाहेर काही का असेना. त्यामुळं गिट बॅशमधी तपासलं आणि "सगळं बरोबर आहे की" म्हणून बसलात तर फसाल. ज्या खिडकीत त्रास व्हायलाय त्याच खिडकीत तपासा. ॲनाकोंडाचं पण तसंच, एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट केलं की त्याचे फोल्डर पुढं येतात, डीॲक्टिव्हेट केलं की मागं, म्हणून सकाळी एक व्हर्जन आणि दुपारी दुसरं दिसलं तर घाबरू नका.

गिटहब डेस्कटॉप आणि व्हिज्युअल स्टुडिओच्या आतली गिट ह्या यादीत सहसा येत नाहीत कारण ती पाथमधी नसतात. ती त्यांच्या त्यांच्यापुरती. त्यांना हात लावायचा नाही. ॲपडेटात जाऊन फोल्डर डिलीट करणारे महाभाग आहेत, अपडेट आलं की ते फोल्डर परत येतंच, मधल्या मधी तो प्रोग्राम मात्र बंद पडतो.

ठेवायचं कोणतं

माझं मत सरळ आहे. विंडोजवर गिट फॉर विंडोजचं एकच इन्स्टॉलेशन, सगळ्या युजरसाठी टाकलेलं, प्रोग्राम फाइल्समधलं. डब्ल्यूएसएल वापरत असाल तर उबुंटूच्या आतलं एक. बाकी प्रोग्रामच्या पोटातली जिथं आहेत तिथं. ॲनाकोंडातलं गिट मुद्दाम कोणी टाकलं असेल तर काढून टाका, त्याचा उपयोग कमी आणि गोंधळ जास्त.

जुनं व्हर्जन ठेवायचं का? नको. गिट स्विच आणि गिट रिस्टोर ह्या कमांड 2.23 ला आल्या, म्हणजे 2019 साली. उबुंटू 18.04 मधी 2.17.1 येतं, तिथं गिट स्विच टाकलं की अशी कमांडच नाही म्हणून उलट बोलतं, आणि पोरगं समजतं आपलं काहीतरी बिघडलं. कॉलेजच्या लॅबमधी असल्या मशीन अजून असतात. उलटं पण होतं, नव्या गिटमधी मुद्दाम नवीन फॉरमॅट चालू करून रिपॉझिटरी (गिट सांभाळतं तो प्रोजेक्टचा फोल्डर) बनवली तर जुन्या गिटला ती उघडता येत नाही. मुद्दाम काही चालू केलं नसेल तर ही अडचण सहसा येत नाही.

गिट फॉर विंडोज नवीन करायला काढून परत टाकायची गरज नाही. गिट अपडेट-गिट-फॉर-विंडोज एवढी कमांड दिली की ते स्वतःच विचारतं आणि स्वतःच उतरवतं.

पाथचा क्रम, आणि इथं विंडोजची एक खोड

विंडोजमधी पाथ दोन असतात, एक सिस्टीमचा आणि एक युजरचा. दोन्ही जोडून एक लांब यादी बनते आणि त्यात सिस्टीमचा आधी, युजरचा नंतर. ह्याचा परिणाम असा की तुम्ही ॲडमिनचा पासवर्ड नसल्यामुळं गिट फक्त स्वतःपुरतं टाकलं, ते ॲपडेटात जाऊन बसलं, युजर पाथमधी नाव लागलं, पण त्या मशीनवर आधीच कोणीतरी सिस्टीमसाठी जुनं गिट टाकलेलं असेल तर तेच जिंकणार. युजर पाथमधी कितीबी वर-खाली करा, सिस्टीमच्या वर जाता येत नाही. लोकं तासनतास ह्याच्यात जातात.

ॲडमिन असाल तर स्टार्टमधी एन्व्हायर्नमेंट टाईप करा, सिस्टीम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स एडिट करायचं येईल, तिथं खालच्या भागात सिस्टीमचा पाथ निवडून एडिट. काही बदलायच्या आधी सगळ्या ओळी नोटपॅडमधी कॉपी करून ठेवा, खरंच ठेवा, कारण एखादी ओळ चुकून उडाली तर जावा पण गेलं आणि पायथन पण गेलं. मग ज्या गिटला पुढं आणायचंय त्याची ओळ मूव्ह अपनं वर घ्या आणि नको त्याची काढा. ओळ अशी पाहिजे:

सी:\प्रोग्राम फाइल्स\गिट\सीएमडी

शेवटी सीएमडी. काहीजण गिटच्या आतलं यूएसआर\बिन पण पाथमधी टाकतात कारण त्यांना लिनक्सच्या कमांड पाहिजे असतात. तसं केलं की विंडोजच्या स्वतःच्या फाइंड आणि सॉर्टच्या जागी गिटसोबतचे दुसरेच चालू शकतात आणि जुन्या बॅच फाइली बोंबलतात. इन्स्टॉलर पण हा पर्याय निवडताना इशारा देतो, आपणच वाचत नाही.

सगळं झालं की उघड्या टर्मिनल बंद करून परत उघडा. व्हीएस कोड पूर्ण बंद करा, नुसती टर्मिनलची टॅब नाही, कारण ते चालू होताना जो पाथ मिळाला तोच धरून बसतं.

ॲडमिन नसाल तर त्या खिडकीपुरता पाथ बदला, सेट पाथ=तुमच्या गिटचं सीएमडी फोल्डर;%पाथ% असं कमांड प्रॉम्प्टमधी टाकलं की खिडकी बंद होईपर्यंत तुमचं गिट पुढं. पॉवरशेलमधी हे असं चालत नाही. पोर्टेबल गिट म्हणून इन्स्टॉल न करता चालणारं पण मिळतं.

प्रत्येक प्रोग्रामला तोंडावर सांगून टाका

पाथवर विसंबून राहण्यापेक्षा हे चांगलं. व्हीएस कोडच्या सेटिंगमधी गिट.पाथ शोधा आणि गिट.ईएक्सई चा पूर्ण पत्ता टाका. अँड्रॉइड स्टुडिओ आणि इंटेलिजेमधी सेटिंग्स, व्हर्जन कंट्रोल, गिट, तिथं पत्ता टाकून शेजारचं टेस्ट बटण दाबा, व्हर्जन दिसलं म्हणजे जमलं. सोर्सट्रीमधी ऑप्शन्सच्या गिट टॅबमधी एम्बेडेड का सिस्टीम ते निवडता येतं. टॉर्टॉइजगिटला स्वतःचं गिट नसतंच, त्याच्या सेटिंगमधी पत्ता असावाच लागतो, आणि तुम्ही जुनं गिट काढलं की पहिलं रडणार ते तेच.

दोन प्रोग्राम एकाच रिपॉझिटरीवर एकाच वेळी काम करायला गेले की इंडेक्स.लॉक आधीच आहे असा एरर येतो. बरेचदा थोडं थांबलं की जातो. डेस्कटॉपवर कमिट (बदलांची नोंद करणं) चालू असताना लाईट गेली तर मात्र ती लॉक फाइल मागं तशीच पडून राहू शकते. मग सगळे प्रोग्राम बंद करा, गिट चालू नाही ह्याची खात्री करा, आणि डॉट गिट फोल्डरमधली ती एकच फाइल काढा. एकच. पूर्ण डॉट गिट फोल्डर उडवलं तर हिस्टरी गेली.

कॉन्फिग: खरं भांडण इथं

दोन गिटचं व्हर्जन वेगळं असल्यामुळं जेवढा त्रास होतो त्याच्या कितीतरी पट त्रास सेटिंग वेगळ्या असल्यामुळं होतो. सेटिंगचे मुख्य तीन थर, सिस्टीम, ग्लोबल आणि लोकल. सिस्टीमची फाइल प्रत्येक गिटची वेगळी असते, त्याच्याच फोल्डरमधी. ग्लोबल फाइल युजरच्या होम फोल्डरमधी, नाव डॉट गिटकॉन्फिग, आणि विंडोजवरची गिट सहसा ही एकच फाइल वाचतात. लोकल त्या रिपॉझिटरीपुरती. लोकल ग्लोबलवर भारी, ग्लोबल सिस्टीमवर भारी. कोणती सेटिंग कुठून आली ते बघायला:

गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन --शो-स्कोप

शो-स्कोप 2.26 पासून आहे, जुन्यावर तेवढं काढून टाका. ही कमांड दोन वेगळ्या खिडक्यांत चालवून समोरासमोर ठेवली की फरक लगेच दिसतो, आणि माझ्या मते गिटच्या घोळात एवढ्या कामाची दुसरी कमांड नाही.

सेकंडहँड लॅपटॉप घेतलेल्यांनी तर हे पहिल्या दिवशी करा. विकणाऱ्यानं फॉरमॅट न मारता लॅपटॉप दिला असेल तर आधीच्या मालकाचं नाव आणि ईमेल ग्लोबल फाइलीत तसंच असतं. गिट काढून परत टाकलं तरी ती फाइल जात नाही कारण ती गिटच्या फोल्डरमधी नसतेच. मग रात्र रात्र जागून तुम्ही कोड लिहायचा आणि गिटहबवर कमिट दुसऱ्याच्या नावावर, कारण गिटहब ईमेलवरून माणूस ओळखतं. युजर.नेम आणि युजर.ईमेल दोन्ही ग्लोबलला नव्यानं टाका. शेवटचं कमिट अजून पुश केलं नसेल तर:

गिट कमिट --अमेंड --रिसेट-ऑथर --नो-एडिट

आणि एक. ऑफिसचं एक अकाउंट आणि घरचं एक, म्हणून दोन गिट टाकणारे पण असतात. गरज नाही हो. ग्लोबल फाइलीत एवढं टाका:

[इन्क्लुडइफ "गिटडिर/आय:डी:/ऑफिस/"]
पाथ = ~/.गिटकॉन्फिग-ऑफिस

डी ड्राइव्हच्या ऑफिस फोल्डरमधल्या सगळ्या रिपॉझिटरींना त्या दुसऱ्या फाइलीतलं नाव-ईमेल लागतं. शेवटचा तिरका दांडा विसरू नका, नाहीतर आतल्या फोल्डरांना लागू होत नाही.

पुश होईना

गिटहबनं 13 ऑगस्ट 2021 पासून कमांडवरून अकाउंटचा पासवर्ड घेणं बंद केलंय, टोकन (पासवर्डच्या जागी गिटहबनं दिलेला लांब कोड) लागतं, ब्राउझरमधून लॉगिन करावं लागतं किंवा एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी चावीची फाइल, पाहिजे. पासवर्ड बरोबर असून घेईना असं कोणी म्हणायलं तर आधी हेच बघा.

403 एरर येतंय आणि एररमधी ओळखीचं नसलेलं युजरनेम दिसतंय, तर जुनं लॉगिन साठवलेलं आहे. कंट्रोल पॅनेलमधी क्रेडेन्शियल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शियल्स, तिथं गिट आणि गिटहबचा पत्ता असलेली नोंद काढा. पुढच्या पुशला नव्यानं लॉगिन विचारेल. गिट काढून टाकल्यानं ही नोंद पण जात नाही.

क्रेडेन्शियल-मॅनेजर-कोअर नावाची कमांड नाही असं येत असेल तर तो दोन वेगळ्या काळातल्या गिटचा मामला आहे. लॉगिन साठवणाऱ्या त्या हेल्परचं नाव आधी मॅनेजर-कोअर होतं, नंतर नुसतं मॅनेजर झालं, आणि तुमच्या ग्लोबल फाइलीत जुनं नाव राहिलंय. ते काढा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल --अनसेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर

नवीन गिटच्या सिस्टीम फाइलीत बरोबर नाव असतंच, ते लागू होतं.

एसएसएच वाल्यांचा वेगळाच खेळ. विंडोजचं स्वतःचं ओपनएसएसएच असतं, आणि गिट फॉर विंडोज स्वतःचं वेगळं आणतं. विंडोजच्या एजंटमधी (चाव्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममधी) टाकलेली की गिटसोबतच्या एसएसएचला दिसत नाही, म्हणून टर्मिनलमधून हातानं चाचणी केली की जमतं आणि गिट पुश केलं की परमिशन डिनाइड. गिटला सांगून टाका की विंडोजवालंच वापर:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एसएसएचकमांड "सी:/विंडोज/सिस्टीम32/ओपनएसएसएच/एसएसएच.ईएक्सई"

डब्ल्यूएसएल वापरत असाल तर

तिथं गिट म्हटलं की लिनक्सचं आणि गिट.ईएक्सई म्हटलं की विंडोजचं. होम फोल्डर वेगळं, म्हणून ग्लोबल फाइल पण वेगळी, नाव-ईमेल दोन्हीकडं टाकावं लागतं. पण खरी गंमत तेव्हा, जेव्हा सी ड्राइव्हवरची रिपॉझिटरी दोन्हीकडून उघडता. एका अक्षराला हात लावलेला नसतो आणि गिट स्टेटस म्हणतं सगळ्या फाइली बदलल्या.

कारण ओळीच्या शेवटाचं आहे. विंडोज ओळ संपवायला दोन कॅरेक्टर वापरतं, लिनक्स एक. गिट फॉर विंडोज सहसा कोअर.ऑटोसीआरएलएफ ट्रू ठेवून येतं, म्हणजे बाहेर काढताना दोन करतं आणि आत घेताना एक. लिनक्सच्या गिटला हे माहिती नसतं, त्याला प्रत्येक ओळ बदललेली दिसते. अशा वेळी घाईत सगळं ॲड करून कमिट मारलं तर टीममधल्या सगळ्यांना पूर्ण प्रोजेक्ट लाल-हिरवा दिसतो आणि मर्ज करताना शिव्या खाव्या लागतात. रिपॉझिटरीत डॉट गिटॲट्रिब्युट्स नावाची फाइल बनवा, त्यात एकच ओळ:

* टेक्स्ट=ऑटो

मग गिट ॲड --रिनॉर्मलाइज . करून एक कमिट. ही फाइल रिपॉझिटरीसोबतच जाते, त्यामुळं कोणाच्या मशीनवर कोणतं गिट आहे ह्याच्यानं फरक पडत नाही. डिफमधी नुसतं ओल्ड मोड 100644, न्यू मोड 100755 असं दिसत असेल तर ते परवानगीचं आहे, त्या रिपॉझिटरीत कोअर.फाइलमोड फॉल्स करा. आणि शक्यतो डब्ल्यूएसएलमधी काम करायचं असेल तर प्रोजेक्ट लिनक्सच्याच होममधी क्लोन करा, वेग पण चांगला मिळतो.

उबुंटू आणि मॅक, पटकन

उबुंटू 22.04 सोबत 2.34.1 येतं. नवीन पाहिजे म्हणून कोणी सोर्सवरून बनवून /यूएसआर/लोकल/बिनमधी टाकलं असेल, तर सहसा ते पुढं येतं आणि ॲप्टला (उबुंटूच्या प्रोग्राम टाकायच्या साधनाला) त्याचा पत्ताच नसतो, ॲप्टनं काढायला गेलात तर सिस्टीमचं निघतं आणि हातानं टाकलेलं राहतं. त्यापेक्षा गिट-कोअरचा पीपीए (ॲप्टला नवीन व्हर्जन देणारी जागा) जोडा आणि ॲप्टनंच नवीन करा. बदल केल्यावर बॅश जुनाच पत्ता लक्षात ठेवतं, हॅश -आर टाकलं की विसरतं.

मॅकवर यूएसआरच्या बिनमधलं गिट ॲपलचं, ते निघत नाही, काढायचा प्रयत्न पण करू नका. होमब्रूनं (मॅकवर प्रोग्राम टाकायच्या साधनानं) दुसरं टाका, ॲपल सिलिकॉनवर ते ऑप्टच्या होमब्रू फोल्डरमधी जातं, इंटेलवर यूएसआरच्या लोकलमधी, आणि तो फोल्डर पाथमधी आधी आणा.

पेनड्राइव्ह आणि कॉलेजची लॅब

पेनड्राइव्हवरची रिपॉझिटरी लॅबच्या मशीनवर उघडली की डुबियस ओनरशिप असा एरर येतो, घरी मात्र चालत होती. एप्रिल 2022 मधी 2.35.2 आलं तेव्हापासून गिट बघतं की फोल्डरचा मालक तुम्हीच आहात का, कारण दुसऱ्यानं ठेवलेल्या फोल्डरमधली सेटिंग तुमच्या नावानं चालू नये. पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमधी मालकच लिहिलेला नसतो. एरर स्वतःच उपाय छापतो, तीच कमांड त्या एका फोल्डरसाठी चालवा. नेटवर सगळ्या फोल्डरांसाठी तारा (*) टाकायला सांगतात, स्वतःच्या लॅपटॉपवर एकवेळ ठीक, पण लॅबच्या मशीनवर दहाजण बसतात, तिथं नको.

आणि लॅबमधून उठताना क्रेडेन्शियल मॅनेजरमधली स्वतःची नोंद काढा, गिट कॉन्फिग --ग्लोबल --अनसेट युजर.ईमेल करा, नावाचं पण तसंच, आणि मगच खुर्ची सोडा.